बंध सुटला की कुठे जातो?

मॅडम, आधी माफी मागतो. तुमच्याबद्दल लिहिण्याचा मान माझा नाही. तुमच्याकडे शिकून गेलेले कितीतरी जण आता मोठ्या जागांवर आहेत. त्यांची भाषा चांगली आहे, त्यांनी लिहायला हवं होतं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, त्यामुळे असं काही लिहायचं असतं हेसुद्धा मला आत्ता कळतं आहे. विभागाच्या भित्तीपत्रकासाठी कोण लिहील असं सरांनी विचारलं तेव्हा मी मान खाली घातली होती. माझ्या खोलीत राहणारा प्रफुल मागून म्हणाला, "याले द्या सर. मॅडम याच्यावरच जास्त चिडत होत्या." सगळे थोडे हसले. तेव्हापासून कागद माझ्याकडे आहे.

दुसरी माफी, तुम्हाला 'तुम्ही' म्हणून लिहितो आहे त्याची. मायला फोनवर सांगितलं तर ती घाबरली. म्हणाली, "गेलेल्या माणसाले हाक नाही मारू बाबू. त्याचा पाय अडकते. मांगं वळून पाहाते थे." मी म्हणालो, हाक नाही मारत, एक उत्तर द्यायचं राहिलं आहे, तेवढं देतो. ती म्हणाली, "मंग देऊन टाक, अन् मोकळ्या कर त्यायले."

तर तेवढ्यासाठीच लिहितो आहे. तुमचं माझ्याकडे एक उत्तर बाकी होतं. ते मी शोधलं होतं. ते तुमच्यापर्यंत पोचलं की नाही, याचा विचार केला की अजून माझी झोप मोडते.

तुम्ही रासायनिक बंधांचं प्रकरण शिकवत होत्या. लाकूड जळतं तेव्हा उष्णता कुठून येते, असं तुम्ही विचारलं. अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, बंध तुटतात त्यातून. तुम्ही खडू खाली ठेवला.

"चुलीपाशी वाढलेले पोट्टे तुमी, अन् हे सांगता मले? तुटण्यातून काई निघत नाही. तोडायले उलट लागते. जे निघते ते नव्यानं जुळताना निघते. लाकडातले अणू एकमेकाले सोडतात अन् हवेतल्या ऑक्सिजनले धरतात. त्या धरण्याची ऊब हाय ते."

मी कधी वर्गात बोलत नसे. त्या दिवशी कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं. "मॅडम, मंग जो बंध तुटला, थो जाते कुठं?"

"मूर्तिजापूरले," प्रफुल मागून म्हणाला, "शनिवारच्या एसटीनं." कारण मी दर शनिवारी अमरावतीहून त्याच एसटीनं गावाकडे जात असे. वर्ग फुटला हसण्यानं. तुम्ही हसल्या नाहीत. हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाल्या, "हसा. पण इतके वर्षं शिकवून राहिली मी, हे मले कोणी विचारलं नाही." मग माझ्याकडे बघून, "मी नाही सांगत. तू आण उत्तर."

तिथून ते सुरू झालं. जिन्यावर, प्रयोगशाळेच्या दारात, कुठेही दिसलो की तुम्ही भुवई वर करायच्या. मी काहीतरी सांगायचो. बंध ऊर्जेत बदलतो, म्हणालो. "वा! तोडायले ऊर्जा तू खर्च केली, अन् बदलला थो? उलटा हिशोब." पुढच्या वेळी म्हणालो, तो नसतोच मुळी, आपण पाटीवर रेघ काढतो तेवढीच. "मंग मीठ फोडायले हातोडी कायले लागते? रेघ पुसून टाक ना." मी खोलीवर येऊन चिडायचो. प्रफुल म्हणायचा, "अबे, परीक्षेत येत नाही ते. सोड." सोडता येत नव्हतं.

मॅडम, त्या पाण्याच्या बाटलीची गोष्ट मी आजपर्यंत कोणाला सांगितली नाही. आज सांगतो. तुम्ही असत्या तर तुम्हीच सांगितली असती, आणि माझ्यापेक्षा चांगली.

पाण्यातलं मीठ मोजायच्या, क्लोराइडच्या प्रॅक्टिकलला तुम्ही सांगितलं होतं, आपापल्या गावचं पाणी आणा. माझं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. आमच्या विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, आणि बाहेरच्या माणसाला पहिला घोट थुंकावासा वाटतो. तुम्हाला माझ्या पाण्याची उत्सुकता होती. सगळ्या वर्गाला सांगून ठेवलं होतं, या पोराच्या पाण्याले ब्युरेट पुरणार नाही, पाहाजा. मी बाटली आणली, पाणी मोजून घेतलं, क्रोमेटचे पिवळे थेंब टाकले, वरून ब्युरेटच्या नळीतून सिल्व्हर नायट्रेट सोडायला लागलो. चार थेंब पडले नाहीत तोच सगळं विटकरी झालं. म्हणजे पाण्यात मीठ नावालाच. तुम्ही माझ्या मागे उभ्या होत्या. "थांब!" म्हणून ओरडल्या. पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच.

"काहून रे," तुम्ही म्हणाल्या, "तू खारपाणातला ना? हे पाणी तुमचं नाही."

मला काही कळेना. व्हरांड्यात जाऊन मायला फोन लावला. ती म्हणाली, "मंग? कॉलेजात मॅडमले दाखवायले खारं पाणी देऊ का? गोडं भरून देल्लं. तुया काकूच्या मटक्यातलं मांगून आणलं." आमच्याकडे पाहुण्याला गोडं पाणी देतात. घरात एकच हंडा गोडा असला तरी तो पाहुण्यासाठी झाकून ठेवतात, घरचे खारं पितात. मायच्या लेखी कॉलेज हा पाहुणाच होता.

मी परत येऊन खाली बघत हे सांगितलं. तुम्ही एवढ्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. नंतर हसणं गेलं, पण डोळे पुसणं चालूच होतं. म्हणाल्या, "येत्या शनिवारी मी तुयासंगं मूर्तिजापूरले उतरते. तुया मायच्या हातचा चहा पाहिजे मले."

मला वाटलं बोलण्याची पद्धत असेल. पण तुम्ही खरंच उतरल्या. रोज अकोला-अमरावती अपडाउन करून थकलेलं माणूस, एकच तर शनिवारची दुपार तुमची. आमच्या ऑटोत बकरीच्या शेजारी बसून तुम्ही गावात आल्या. माय धावपळीत होती. चहासाठी तिनं गोडं पाणी आणून ठेवलं होतं, साखर जास्त घातली होती. तुम्ही चुलीजवळ पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, हे पाणी राहू द्या. मले तुमच्या विहिरीच्या पाण्याचा करून द्या."

माय लाजली. "थो नाही पेवत तुमाले. दूध फाटते कधी कधी."

"फाटू द्या. तुमी पेता ना?"

चहा झाला. तुम्ही पहिला घोट घेतला तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो. तोंड वाकडं झालं, तुम्ही ते लपवलंही नाही. सगळा प्यायल्या. मायचं लक्ष तुमच्या बोटांवरच्या काळ्या डागांवर होतं, सिल्व्हर नायट्रेटच्या. तिनं विचारलं, "पोळलं का बाई?" तुम्ही तिला समजावलं की ही चांदी आहे, उजेडात काळी पडते, कातडी नवी आली की आपोआप जाते. मायनं तुमचं बोट हातात धरून नीट पाहिलं. चांदी म्हटल्यावर तिला ते खरं वाटेना. आता ती सगळ्यांना सांगते की मॅडमच्या हाताला चांदी लागलेली होती.

परवा तिनं मला विचारलं, "थे चांदी संगंच गेली असंन का रे?" मी हो म्हणालो.

आपलं भांडण मात्र अर्धवट राहिलं. शेवटचं बोलणं एसटीतच झालं. दिवाळीच्या आधीचा शनिवार. तुम्ही खिडकीशी, मी बाजूला. तुम्ही बारीक झाल्या होत्या. मला वाटलं अपडाउनचा थकवा आहे. मी तुम्हाला सांगितलं की बी.एस्सी. झाली की पोलीस भरतीत उतरणार, रोज पहाटे मैदानावर पळतो. बाबांना वर्दी हवी आहे. गावात वर्दीवाला दुसरा कोणी नाही.

"पळ ना," तुम्ही म्हणाल्या. "पळण्यानं डोकं चालते. पण एम.एस्सी. कर. तुयासारखे प्रश्न वर्दीत कोणी विचारू देत नाही."

विषय बदलायचा म्हणून मी नवीन उत्तर पुढे केलं. म्हणालो, बंध तुटला तरी अणूंना त्याची आठवण राहत असेल.

तुम्ही मान हलवली. "अणूले आठवण नसते. साखरेतला कार्बन अन् कोळशातला कार्बन, दोन अणू तुयासमोर ठेवले, ओळखशीन कोणता कुठून आला?"

"नाही."

"मंग? त्याले काईच माहीत नसते. काल साखरेत होता, आज धुरात, उद्या पऱ्हाटीच्या पानात. थो दरवेळेस कोराच."

"पण मॅडम, माणूस बी अणूंचाच हाय ना? त्याले कशी राहते मंग आठवण?"

तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागल्या. पऱ्हाटी फुटलेली होती, कापूस वेचणाऱ्या बाया ओळीनं वाकल्या होत्या. मला वाटलं, चुकीचं बोललो. मग तुम्ही म्हणाल्या, "हेच तर मले नाही समजलं रे. शिकवते बाकी सगळं." आणि कंडक्टर मूर्तिजापूर ओरडला. मी पिशवी घेऊन उठलो. तुम्ही मागून म्हणाल्या, "उत्तर आण, मंग कुठं पळाचं तिकडं पळ."

त्यावर मला अजून बोलायचं होतं. पुढच्या शनिवारी बोलू, असं मनात ठरवून मी उतरलो. दिवाळीनंतर तुम्ही आल्याच नाहीत. रजेवर आहेत, तब्येत बरी नाही, एवढंच सांगितलं आम्हाला. व्हॉट्सअ‍ॅपवर तुमचा मेसेज आला, "काय रे खारपाण, उत्तर?" मी लिहिलं, "शोधून राहिलो मॅडम." तुम्ही एक अंगठा पाठवला. त्यानंतर काही नाही.

आता प्रयोगशाळेत जायची भीती वाटते. ब्युरेटमधून थेंब पडत असतात, रंग बदलायच्या बेतात असतो, आणि नेमकं मागून ऐकू येतं, "थांब!" हात आपोआप तोटी बंद करतो. मागे बघतो तर कोणी नसतं. सांगायची गोष्ट अशी की दरवेळी बरोबर तिथेच थांबलेलो असतो. प्रफुलला हे सांगितलं तर तो थट्टा करील असं वाटलं होतं. तो म्हणाला, "मले बी येते आवाज. पण मले उशिरा येते, माहा प्रयोग फसल्यावर."

आम्ही दोघं अकोल्याला तुमच्या घरी जाऊन आलो. तुमची खाट उभी करून भिंतीला टेकवली होती. तुम्ही जिथे गेल्या त्या जागी दिवा लावलेला होता. तुमच्या मोठ्या बहिणीनं सांगितलं की पहिल्या रात्री तिथं पीठ पसरून वर टोपलं झाकलं होतं, आणि सकाळी पिठात पाखराचं पाऊल उमटलेलं दिसलं. "पाखराच्या जल्माले गेली माही बहीण," त्या म्हणाल्या. तुमची मुलगी ऋचाताई भिंतीला टेकून ऐकत होती. मला तुमचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "उंदीर असंन रे." मला हसू आलं. मी दिव्याकडे बघत बसलो. तेलातले अणू सुटत होते, हवेतल्या ऑक्सिजनला धरत होते, आणि त्या धरण्याची ऊब माझ्या तोंडावर येत होती. तुम्हीच शिकवलेलं. त्या खोलीत तुम्ही एवढे दिवस श्वास सोडला होता. तो कुठे संपतो आणि माझा कुठे सुरू होतो हे कोणी सांगू शकलं नसतं. मी श्वास घेताना जरा थांबलो. घाबरून नाही. संकोच वाटला.

आता उत्तर.

ते मला मेळघाटात सापडलं. एनएसएसचं शिबिर होतं, सेमाडोहच्या पुढच्या एका गावात. रेंज अजिबात नाही. माझी आणि प्रफुलची पाळी स्वयंपाकाला लागली. वरण मी केलं, मायचं बघून शिकलेलं. सगळे जेवायला बसले आणि ओरड सुरू झाली. "अबे, मीठ कुठं हाय याच्यात?" "दवाखान्यातलं वरण हाय का?" मी चाखलं. खरंच अळणी होतं. पण मी मीठ टाकलं होतं, माय टाकते तेवढंच, चिमूटभर. आणि ताट हातात असतानाच माझ्या लक्षात आलं की माय चिमूटभरच टाकते, कारण बाकीचं मीठ आमच्या पाण्यात असतं. इथल्या ओढ्याचं पाणी गोडं होतं. माझा हात अजून विहिरीच्या पाण्याच्या हिशोबानं चालत होता. विहीर इथून कितीतरी लांब होती.

जेवणानंतर ओढ्यावर भांडी घासत होतो. मिठाचे खडे हातात होते, मघाशी ताटांत वाढून उरलेले. पाण्यात सोडले, विरघळले, दिसेनासे झाले. आणि तुम्ही पाटीवर काढलेलं मिठाचं चित्र डोळ्यांपुढे आलं. सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देतो, म्हणून ते दोघं एकमेकांना धरून असतात. पाण्यात गेले की सुटतात, लांब लांब जातात. पण मॅडम, सुटताना क्लोरीन तो इलेक्ट्रॉन परत करत नाही! तो दिलेला घेऊनच जातो. सोडियम दिल्यासारखाच राहतो. पाण्यात ते दोघं सुटे असतात, पण एकमेकांना भेटण्याआधी जसे होते तसे ते पुन्हा होत नाहीत. कोरा अणू वेगळा आणि तो वेगळा. हे तुम्हीच पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. मी त्याकडे असं कधी बघितलंच नव्हतं.

ओल्या हातानंच फोन काढून लिहिलं. "मॅडम, उत्तर सापडलं. निदान मिठाचं. बंध सुटला तरी दिलेलं परत जात नाही. ज्यानं घेतलं तो ते घेऊनच पुढे जातो. आठवण नसेल, पण फरक राहतो. हायड्रोजनचं अजून सापडलं नाही, तिथे दोघं आपापला इलेक्ट्रॉन घेऊन निघून जातात, हे तुम्ही म्हणणार मला माहीत आहे. त्याच्यावर भांडू. भरतीचं पळणं चालू ठेवतो, पण एम.एस्सी. करणार आहे. बाबांना मी सांगतो." पाठवा दाबलं. मेसेजजवळ घड्याळ फिरत राहिलं.

नंतरचे दिवस मी तुमच्याशी बोलतच होतो. शिबिरातल्या बंधाऱ्याचे दगड उचलताना, पंगतीत, सगळीकडे. तुम्ही हायड्रोजन काढणार, मग मी काय म्हणणार, मग तुम्ही भुवई कशी वर करणार. मी एकटाच हसताना दिसलो की प्रफुल म्हणायचा, "याले जंगल लागलं." त्या दिवसांतल्या कोणत्या दिवसापासून तुम्ही तिकडे ऐकायला नव्हत्या, हे आता मला माहीत आहे. पण त्यातलं कोणतं बोलणं आधीचं आणि कोणतं नंतरचं, हे मला वेगळं करता येत नाही. दोन्ही सारखीच जिवंत वाटतात.

किराणा आणायला जीप सेमाडोहला निघाली तेव्हा आम्ही दोघं मागे बसलो. ड्रायव्हर म्हणाला, वळणावरच्या चढावर रेंज येते, तिथे दोन मिनिटं थांबतो. ऊन चांगलं वर आलं होतं, सागाची पानं वाळून खाली पडलेली. फोन थरथरला. एकामागून एक ग्रुपचे मेसेज पडायला लागले, आकडे वाढत होते. मी ते उघडले नाहीत. तुमचं नाव उघडलं. घड्याळ गेलं. एक खूण आली. दुसरी आली. मग दोन्ही निळ्या झाल्या.

"प्रफुल! मॅडमनं वाचलं!"

"सांग त्यायले, वरणात मीठ नव्हतं."

तुमच्या नावाखाली 'टाइप करत आहे' असं आलं. मी फोन दोन्ही हातांनी धरला. हायड्रोजन, मी मनात म्हणालो, आता हायड्रोजनच काढणार.

"नमस्कार. मी ऋचा, मॅडमची मुलगी."

मी वाट बघत राहिलो. पुन्हा टाइप करत आहे.

"ते मिठाच्या पाण्याचे तुम्हीच ना? आईनं सांगितलं होतं फोन बंद करू नको म्हणून. 'एका पोट्ट्याचं उत्तर यायचं राह्यलं हाय, आलं की मोठ्यानं वाच,' म्हणाली होती. आत्ता तिच्या दिव्यापाशी बसून मोठ्यानं वाचलं."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तुमच्या नावाखाली ती अक्षरं आली, गेली, पुन्हा आली. मग एवढंच:

"आई सोमवारी गेली."